टेलची खोली

घरातली सगळ्यात थंड खोली माझ्या वाट्याला आली, याबद्दल माझं कोणाशी भांडण नाही. खोल्या वाटल्या तेव्हा जून महिना चालू होता. मागच्या बाजूची खोली, बागेकडे उघडणारं दार, सफरचंदाचं एक झाड, रस्त्याचा आवाज नाही. "तुला कामाला ही बरी पडेल," असं बायको म्हणाली आणि मी तिचे आभार मानले. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे नेतात. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी त्या खोलीत स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला, आणि पुढची सात वर्षं दर हिवाळ्यात तो काढायला एप्रिल उजाडत आला आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या डोक्यावर कानटोपी असते. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, आता त्यांना तो धर्माचा भाग वाटतो.

घर लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये आहे. १९३४ सालचं, शेजाऱ्याशी एक भिंत सामायिक असलेलं. अशी घरं या भागात ओळीनं उभी आहेत आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे पहिल्या वर्षी मी दोनदा भलत्याच दाराला किल्ली लावली. बांधलं तेव्हा घरात कोळशाच्या शेकोट्या होत्या. शेकोटीपुढे बसलेल्या माणसाची छाती भाजायची आणि पाठ गारठायची, पण निदान उष्णता कुठे आहे हे त्याला ठाऊक असायचं. पुढे कोणीतरी बॉयलर आणला, फरशीच्या फळ्यांखालून पाइप फिरवले, भिंतींवर रेडिएटर टांगले. माझी खोली त्यानंतरची. आधीच्या मालकाने १९८०च्या दशकात स्वयंपाकघराच्या मागे ती वाढवली आणि तिचा रेडिएटर, सुचेल तिथून पाइप ओढून, जोडून टाकला.

बॉयलर स्वयंपाकघरात आहे. स्वयंपाकघराची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. भिंतीला कान लावला तर बॉयलर पेटल्याचा आवाज येतो. पण त्यातून निघालेलं गरम पाणी भिंतीतून सरळ माझ्याकडे येत नाही. ते आधी स्वयंपाकघर उरकतं, मग वर बाथरूममध्ये जातं, तिथून मुलीची खोली, आमची झोपायची खोली, पाहुण्यांची खोली, मग खाली हॉल, बैठकीची खोली, आणि सगळ्या घराला प्रदक्षिणा घालून, बोटाएवढ्या बारीक पाइपातून, माझ्याकडे पोचतं. पोचतं म्हणजे येऊन गेल्याचं कळतं. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. तिच्यात राहायला मिळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तक्रार करायची तर पुरावा हवा, म्हणून मी सहा थर्मामीटर आणले. डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी सात वाजता, बाहेर दोन अंश असताना घेतलेली नोंद अशी: बाथरूम २५, स्वयंपाकघर साडेतेवीस, मुलीची खोली २२, हॉल साडेवीस, झोपायची खोली १९, माझी खोली साडेतेरा. मुलीच्या खोलीचे २२ हे खिडकी उघडी ठेवून आहेत, हे नोंदवहीत वेगळं लिहिलं आहे. तिला गुदमरतं. तिच्या रेडिएटरवरचा नंबर पाचवर असतो आणि खिडकी वीतभर उघडी असते, असं ती एकाच वेळी दोन देशांत राहते.

या नंबराबद्दल एकदा बोललंच पाहिजे. रेडिएटरच्या एका टोकाला एक ते पाच आकडे असलेली मूठ असते. आमच्या घरात, आणि माझ्या माहितीतल्या सगळ्या भारतीय घरांत, ती पंख्याच्या रेग्युलेटरसारखी वापरली जाते: थंडी वाजली की पाचवर, उकडलं की एकवर. प्रत्यक्षात तो वेग नव्हे. मुठीच्या आत मेण किंवा द्रव भरलेली एक डबी असते. आजूबाजूची हवा तापली की ती फुगते, खालची पिन दाबते आणि पाणी थांबवते. तीनवर ठेवलं तर खोली साधारण वीस अंशांवर थांबते, पाचवर ठेवलं तर थांबायला फार उशीर करते. पाचवर खोली लवकर तापत नाही. हे मी घरात चार वेळा सांगितलं आहे. चौथ्या वेळी मुलीने मान डोलावली आणि मी जिना उतरेपर्यंत नंबर पाचवर नेला. तिच्या मुठीची तर कमालच आहे: शेजारच्या खिडकीतून येणारी दोन अंशांची हवा चाखून ती प्रामाणिकपणे समजते की खोली अजून गारच आहे, आणि रात्रभर घरातलं पाणी मुलीकडे वळवत राहते.

आणि या सगळ्यावर थर्मोस्टॅट. तो हॉलमध्ये आहे. त्याच्यापासून दोन हातांवर हॉलचा रेडिएटर आहे, घरातला सगळ्यात मोठा. हॉल वीस अंशांवर गेला की थर्मोस्टॅट बॉयलरला थांबायला सांगतो. बाकीच्या खोल्यांना विचारायची त्याच्याकडे सोय नाही. सरपंचाच्या विहिरीला पाणी लागलं की तालुका टंचाईमुक्त, तसला हा कारभार. हॉलमध्ये आमच्याकडे कोणीही बसत नाही. तिथे बूट असतात. बुटांना वीस अंश मिळतात.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजोबांना विचारलं. ते डिसेंबरात अर्ध्या चड्डीत कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतात. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि स्वेटर घालण्याचा सल्ला दिला. मी तेव्हा दोन घातले होते. त्याच वर्षी मी दोन किलोवॅटचा छोटा हीटर पायाशी ठेवून पाहिला. आठ तासांत तो सोळा युनिट वीज खातो, आणि इथे विजेचं एक युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट पडतं. पहिलं बिल आलं तेव्हा अंगात जी ऊब आली ती मार्चपर्यंत पुरली.

दुसऱ्या हिवाळ्यात मी शिकलो. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलेली असते. खालून गार आणि वरून गरम असेल तर तळाशी गाळ बसलेला असतो. माझा रेडिएटर वरून कोमट आणि खालून गार होता, म्हणजे नेमकं काय हे पुस्तकात नव्हतं. मी हवेपासून सुरुवात केली. वरच्या कोपऱ्यात चौकोनी खिळ्यासारखं एक तोंड असतं, ते छोट्या किल्लीने पाव वळसा सोडायचं, फुस्स आवाज थांबला आणि पाणी आलं की बंद करायचं. हीटिंग आधी बंद करायचं असतं हे मी नंतर वाचलं. आवाज थांबला, आणि शाईसारखं काळं पाणी फिकट गालिच्यावर आलं. तो डाग आता टेबलाखाली आहे. म्हणजे टेबल आता डागावर आहे, आणि म्हणून मी खिडकीच्या थेट झोतात बसतो.

उत्साहात मी घरातल्या सगळ्याच रेडिएटरांची हवा काढली. बंद नळ्यांतलं पाणी असं थोडं थोडं गेलं की दाब उतरतो, हे मला बॉयलरनेच शिकवलं. थंड असताना काटा एक ते दीड बारच्या मध्ये हवा, तो अर्ध्याच्या खाली गेला आणि बॉयलर बंद पडला. त्या रात्री घरातल्या सगळ्या खोल्यांचं तापमान पहिल्यांदाच एकसारखं होतं. माझं समाधान कोणी वाटून घेतलं नाही. बॉयलरखालच्या नळीतून पुन्हा पाणी भरून दाब आणायला सकाळ झाली.

मग प्लंबर. गॅसच्या यंत्राला हात लावायला इथे नोंदणी लागते, त्यामुळे बॉयलरचं झाकण उघडणारा माणूस ओळखपत्र दाखवून येतो. त्याने झाकण उघडलं, दातांतून हवा आत ओढली आणि काहीच बोलला नाही. या आवाजाचा दर या देशात ठरलेला असावा. नवा बॉयलर घ्या, हे त्याचं पहिलं मत. आम्ही नाही म्हटल्यावर दुसरं मत: गाळ. पोलादी रेडिएटर आतून गंजतात, त्या गंजाची काळी, लोहचुंबकाला चिकटणारी भुकटी पाण्यात फिरते आणि जिथे प्रवाह मंद तिथे बसते. मंद प्रवाह कोणाचा, हे सांगायला नको. त्याने मोठं यंत्र आणून दिवसभर नळ्या धुतल्या, बॉयलरजवळ चुंबकाची गाळणी बसवली, गंज रोखायचं औषध पाण्यात घातलं. माझी खोली साडेतेरावरून पंधरावर आली. तेवढ्या पैशांत मुंबईचं जाऊन-येऊन तिकीट आलं असतं, आणि मुंबईत मला कोणत्याच खोलीत थंडी वाजली नसती.

त्यानंतर अडकलेली पिन. उन्हाळाभर मूठ बंद राहिली की तिच्याखालची पिन दबलेलीच राहते आणि हिवाळ्यात मूठ उघडली तरी वर येत नाही. मूठ काढून पिन हलक्या हाताने दाबून पाहायची, वर-खाली खेळली पाहिजे. माझी पिन उत्तम खेळत होती. अडकलेली पिन सापडली पाहुण्यांच्या खोलीत, जिथे वर्षातले दहा महिने कोणी राहत नाही. ती सुटली आणि त्या रिकाम्या खोलीत झकास ऊब आली. ते पाणी कोणाच्या वाट्यातून गेलं, हे थर्मामीटरने दुसऱ्या दिवशी सांगितलं. चौदा.

महाराष्ट्र मंडळ इथे १९३२ पासून आहे, म्हणजे आमच्या घराहून दोन वर्षांनी मोठं. दिवाळीच्या कार्यक्रमात मी चिवड्याच्या रांगेत विषय काढला. रांगेतल्या प्रत्येकाच्या घरात अशी एक खोली निघाली आणि प्रत्येकाने तिच्यात आपल्या सासूबाईंची सोय केली होती. उपाय मिळाले ते रेडिएटरमागे चंदेरी कागद लावण्यापासून घर विकण्यापर्यंत. एकाचं सगळं मोबाइलवर होतं. त्याला त्याच्या गार खोलीचं तापमान ऑफिसात बसून कळतं.

गेल्या डिसेंबरात तात्या आले. माझे वडील. ऊस कारखान्याला गेला की दोन महिने मोकळे, म्हणून ते भर थंडीत येतात. त्यांना पिन सुटलेली खोली दिली. आमची जमीन श्रीरामपूरच्या पलीकडे, प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आहे. भंडारदरा धरणाची भिंत १९२६ साली पुरी झाली. कालवा त्या धरणाच्या पाण्यावर चालतो आणि आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की पाणी वरच्या गावांचे ऊस भिजवत भिजवत आमच्याकडे येतं तेव्हा त्यात पाण्यापेक्षा शेवाळ जास्त असतं. तात्यांनी आयुष्यभर पाणी मागायचे सात नंबरचे अर्ज भरले, पाटकऱ्याला चहा पाजला आणि रात्रीच्या रात्री चारीवर बॅटरी घेऊन काढल्या. "हेडला ऊस आन् टेलला अर्ज," असं ते म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मी गुडघ्यावर बसून माझा रेडिएटर चाचपत होतो. ते चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले.

"हे पाणी निघतं कुठनं?"

"बॉयलरमधून. या भिंतीपलीकडून."

"आन् पहिलं घेतं कोण?"

"स्वयंपाकघर. मग बाथरूम."

"बाथरूमचं दार किती उघडं आसतं?"

मी म्हटलं, कोणी आत असेल तर बंद, नाहीतर उघडंच. तात्यांनी माझ्याकडे, मी बारावीला गणितात पडलो तेव्हा पाहिलं होतं तसं पाहिलं. "आरं त्या दाराचं नाही म्हणत मी. पाण्याचं दार."

पाण्याचं दार होतं. रेडिएटरच्या एका टोकाला ती नंबरांची मूठ असते, आणि दुसऱ्या टोकाला एक साधी पांढरी टोपी. ती हाताने फिरवली तर नुसती गरगरते, म्हणून मी तिला शोभेची समजत होतो. टोपी काढली तर खाली पितळी दांडा. पान्याने तो फिरवला की रेडिएटरमधून किती पाणी जाईल ते ठरतं. याला लॉकशील्ड म्हणतात. आमच्या नऊ रेडिएटरांचे नऊही दांडे पूर्ण उघडे होते. बसवणाऱ्याने उघडे ठेवले, आणि त्यानंतर टोपीखाली कोणीही डोकावलं नाही. पाण्याला जिथून जायला सोपं, तिथून ते जातं. बॉयलरपासून निघालं, स्वयंपाकघरातून आणि बाथरूममधून भराभरा गेलं आणि घाईघाईने परत आलं. टेलपर्यंत जायची त्याला गरजच पडली नाही. गाळ, हवा, पिन हे सगळं खरं होतं, पण आमच्या घरातला मुख्य बिघाड असा काहीच नव्हता. वाटप नव्हतं, एवढंच.

पुढचे दोन रविवार आम्ही दोघं पाटकरी झालो. पुस्तक म्हणतं, बॉयलरजवळच्या रेडिएटरपासून सुरुवात करा आणि त्याचा दांडा आवळत या. तात्या म्हणाले, सुरुवात टेलपासून करायची, ही रीत आहे: आधी टेलचं दार सताड उघडायचं, मग वर सरकायचं. दोन्ही पद्धतींनी बाथरूमचीच मान आवळली जाते, हे लक्षात आल्यावर वाद मिटला. मी लांबून तापमान दाखवणारं बंदुकीसारखं यंत्र आणलं होतं. चकचकीत पाइपावर ते खोटं सांगतं, म्हणून प्रत्येक पाइपाला काळी टेप लावली. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात किती अंशांचा फरक पडतो ते मोजायचं आणि सगळीकडे तो सारखा आणायचा. जुन्या बॉयलरना अकरा-बारा अंश धरत, आताच्या कंडेन्सिंग बॉयलरना वीस. एक दांडा जरा फिरवला की वीस मिनिटं थांबायचं, कारण एकाचं कमी केलं की बाकी आठांचं बदलतं. तात्यांनी यंत्राला हात लावला नाही. ते पाइपाला हाताची मागची बाजू लावायचे आणि "आजून घ्या" किंवा "पुरं" म्हणायचे. त्यांचं आणि यंत्राचं एकदाच जमलं नाही, आणि तेव्हा टेप निघाली होती.

शेवटी बाथरूम पाव वळशावर आलं, स्वयंपाकघर त्याहून जरा जास्त, हॉल अर्ध्यावर. माझा दांडा पूर्ण उघडा. मग बॉयलरचं पाणी पंच्याहत्तरवरून साठ अंशांवर आणलं. इंग्लंडमध्ये २००५ पासून कंडेन्सिंग बॉयलरच बसवावा लागतो. धुरातल्या वाफेचं पाणी करून तो तिच्यातली उष्णता परत मिळवतो, पण त्यासाठी परत येणारं पाणी पंचावन्नाच्या खाली हवं. आमच्याकडे ते कधीच नव्हतं. इतकी वर्षं कंडेन्सिंग हे आमच्या बॉयलरचं नुसतं आडनाव होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता, बाहेर एक अंश असताना: बाथरूम २१, स्वयंपाकघर २०, मुलीची खोली १९, हॉल १९, झोपायची खोली १९, माझी खोली साडेअठरा. सात वर्षांत पहिल्यांदा मी टोपीशिवाय मीटिंगला बसलो. एका सहकाऱ्याने विचारलं की घरी कोणी गेलं का.

घरात मात्र असंतोष पसरला. बाथरूममध्ये टॉवेल वाळत नाहीत, ही पहिली तक्रार. स्वयंपाकघरात कणिक पूर्वीसारखी फुगत नाही, ही दुसरी. मुलीने जन्मात पहिल्यांदा खिडकी लावून घेतली आणि मी तिचं बालपण हिरावून घेतल्याचं तिच्या आईला सांगितलं. "आधी काय वाईट होतं?" असं बायकोने जेवताना विचारलं. मी नोंदवही आणली. "म्हणजे सगळ्यांना थंडी वाजावी म्हणून एवढं केलं का?" एकोणीस अंश ही थंडी नव्हे, हे मी आकड्यांनिशी सांगितलं. पंचवीस अंशांत वाढलेल्या माणसाला ते पटत नाही. तात्या मान खाली घालून भाकरी मोडत होते. टेलला पाणी आलं की हेडवाले मोर्चा काढतात, हे त्यांनी मला नंतर, खालच्या आवाजात सांगितलं.

तात्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले. दहा दिवसांनी माझी खोली सतरावर आली, त्यानंतर सोळावर. हवा काढली, नव्हती. दाब पाहिला, सव्वा बार, बरोबर. मग बाथरूममध्ये जाऊन पांढरी टोपी काढली. दांडा पाव वळशावर ठेवला होता, तो पाऊण वळसा उघडा होता. टोपी तिरकी बसवलेली होती आणि पाना टॉवेलांच्या कपाटात, तिसऱ्या टॉवेलाखाली होता.

मी कोणाला विचारलं नाही. तात्यांना फोन केला.

"रातीचं उचललं का दार?"

"हो."

"कोणी उचललं ते इचारू नको. घरात राहायचंय तुला." मग जरा थांबून, "पाना तेवढा आपल्याकडं ठेव."

दांडा पुन्हा पाव वळशावर आणला आहे. पाना माझ्या टेबलाच्या खणात असतो आणि खणाला कुलूप आहे. आज सकाळी सात वाजता, बाहेर चार अंश असताना, माझ्या खोलीत साडेसतरा होते. साडेअठरा असायला हवे होते. कुठेतरी पाणी मुरतंय.